जुन्या एअर रायफलींचा संग्रह: गोव्यातल्या माळ्यापासून लिलावाच्या हातोड्यापर्यंत

जुनी एअर रायफल बघायला निघताना मी खिशात तीन वस्तू ठेवतो. पाच मिलिमीटरचं ड्रिल बिट, पेनाएवढी छोटी बॅटरी आणि पतंगाच्या कागदाची एक पट्टी. तिन्ही मिळून दोन-तीनशे रुपयांचा ऐवज. पण या तीन वस्तूंनी माझे जितके पैसे आणि जितकी डोकेदुखी वाचवली, तितकी कुठल्याच कॅटलॉगने वाचवली नाही. तुमच्या घरात आजोबांची छर्‍यांची बंदूक पडून असेल, किंवा लिलावाच्या यादीत एखादी डायना किंवा बीएसए कंपनीची बंदूक बघून हात शिवशिवत असतील, तर या तीन वस्तू कशा वापरायच्या इथपासून सुरुवात करू.

आधी नळीचं माप

ड्रिल बिट सगळ्यात आधी बाहेर काढायचं. एअर रायफली मुख्यतः दोन मापांच्या असतात: ४.५ मिलिमीटर, म्हणजे ज्याला आपण इंचांत पॉइंट वन सेव्हन सेव्हन म्हणतो ती, आणि ५.५ मिलिमीटर, म्हणजे पॉइंट टू टू. ६.३५ मिलिमीटरचीही असते, पण क्वचित. इंग्लंडमधल्या संग्राहकाला हा फरक फक्त छर्‍यांच्या डब्यापुरता. आपल्याकडे तो कायद्याचा आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळीचं माप ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि नळीतून सुटणाऱ्या छर्‍याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल, तर परवाना लागत नाही. यातली एक जरी मर्यादा ओलांडली तरी परवाना लागतो.

वीस ज्यूलची काळजी जुन्या स्प्रिंगच्या बंदुकीबाबत फारशी करावी लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १८० मीटर वेगाने सुटला, तर हिशेब ८ ज्यूलच्या आसपास येतो, आणि आपल्या आवडीच्या बहुतेक जुन्या बंदुका याच घरातल्या. माप मात्र दर वेळी तपासायचं. बंदूक ताणलेली नाही, आत छर्रा नाही, याची खात्री करून घ्या. मग बिटाचा मागचा गुळगुळीत भाग नळीच्या तोंडाशी अलगद धरा, कड घासू देऊ नका. आत सरकला तर नळी ५.५ ची. तोंडाशीच अडला तर ४.५ ची. शिक्क्यांवरूनही कळतं. जर्मन बंदुकीवर बहुधा ‘४,५’ असं दशांशाच्या जागी स्वल्पविराम घालून कोरलेलं असतं, आणि जुन्या बीएसएवर ‘नंबर १ बोअर’ म्हणजे ४.५, ‘नंबर २ बोअर’ म्हणजे ५.५. पण शिक्के पुसले जातात, नळ्या बदलल्या जातात. बिट खोटं बोलत नाही.

बंदूक ५.५ ची निघाली आणि तुमच्याकडे परवाना नसेल तर ती गाडीत घालू नका, ‘मग बघू’ म्हणून घरीही आणू नका. आधी आपल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या शस्त्र विभागात जाऊन काय करायचं ते लेखी विचारा. स्वतःच्याच घरात सापडलेली असली तरी वाट हीच. ‘पोर्तुगीज काळापासून घरात आहे’ हे उत्तर भावनेला पटतं, चौकीवर पटत नाही.

४.५ ची बंदूक घेतानाही बिल घ्या, आपल्या ओळखपत्राची आणि पत्त्याच्या पुराव्याची प्रत द्या. घराच्या माळ्यावरून घेतलीत तर साध्या कागदावर विकणाऱ्याचं आणि तुमचं नाव, तारीख, बंदुकीची कंपनी, क्रमांक, माप आणि किंमत लिहून दोघांच्या सह्या करा. विकणाऱ्याला ते उगाच वाटतं. गोड बोलून करून घ्या. या कागदाची झेरॉक्स बंदुकीच्या पिशवीत कायम असू द्या. कदंबाच्या बसने जा, रेल्वेने जा की स्वतःच्या गाडीने, बंदूक मोकळी, झाकल्याशिवाय, रस्त्याने न्यायची नाही. आणि एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगतो. कवडे, बगळे, शेकरू यांच्यावर रोखण्यासाठी कुणाला ही बंदूक हवी असेल, तर त्याने या छंदात येऊ नये. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तर आहेच, पण माझ्या लेखी त्याआधीही ते चुकीचंच आहे. कागदाचं लक्ष्य आणि त्यामागे वाळूची गोणी, एवढं पुरतं.

काय गोळा करायचं

गोव्यात या बंदुका इतक्या का सापडतात हे कळलं की कुठे शोधायच्या तेही कळतं. १९६१ पूर्वी युरोपातला माल इथे सरळ बोटीने उतरत होता. घड्याळं, रेडिओ, सुऱ्या-काटे आले तशा एअर रायफलीही आल्या. भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, घरी माडांवरची माकडं हुसकायला, मुलांच्या हौसेला, सुटीत बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बसून डब्यांवर नेम धरायला. आज ती घरं वाटण्यांत अडकली आहेत, मुलं लिस्बन-लंडनला आहेत, आणि बंदूक माळ्यावर गोणपाटात. म्हणून गोव्यात पहिली बंदूक बहुधा ओळखीतून मिळते. दुसरी-तिसरी लिलावात.

सगळं गोळा करायला जाऊ नका. एक धागा धरा.

बीएसए हा एक धागा. बर्मिंगहॅमच्या या कारखान्याने लिंकन जेफ्रीज यांच्या १९०४ च्या पेटंटवरून १९०५ पासून एअर रायफली बनवायला घेतल्या. यात नळी ‘मोडायची’, म्हणजे सांध्यात वाकवून स्प्रिंग ताणायची, नाही. नळीखालचा दांडा खाली ओढून स्प्रिंग ताणायची आणि वरच्या फिरत्या तोटीत छर्रा टाकायचा. नळी जागची हलतच नसल्याने नेम टिकतो, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. सिलिंडरवर, म्हणजे स्प्रिंग आणि पिस्टन असलेल्या मागच्या जाड नळकांड्यावर, तीन रायफली एकमेकींना टेकून उभ्या केल्याचं चिन्ह कोरलेलं असतं. ते ठळक दिसलं की माझं आजही काळीज हलतं. १९४८ ची एअरस्पोर्टर याच घराण्यातली: दांडा पुढच्या लाकडात लपवलेला, आणि ताणताना तोटी आपोआप उघडते. १९५९ ची मीटिअर साधी, मोडायची, स्वस्त.

डायना हा दुसरा धागा, आणि नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. जर्मनीतल्या रास्टाट गावची मायर उंड ग्रामेलश्पाखर ही १८९० ची कंपनी. तिच्या चिन्हात रोमन शिकारदेवता डायना धनुष्य टाकून देऊन बंदूक डोक्यावर उंच धरून उभी आहे. यातली मॉडेल २७ ही नळी मोडून ताणायची, हलकी आणि समजायला सोपी. युद्धानंतरच्या जर्मन डायनांवर सिलिंडरच्या मागच्या टोकाला महिना आणि वर्ष बारीक आकड्यांत ठोकलेलं असतं, त्यामुळे वयाचा वाद उरत नाही.

आता एक गोम. डायनाचं नाव आणि चिन्ह असूनही ‘मेड इन ग्रेट ब्रिटन’ लिहिलेली बंदूक हातात आली तर ती नकली समजू नका. दुसऱ्या महायुद्धानंतर रास्टाटची यंत्रं आणि डायना हे नाव भरपाई म्हणून ब्रिटनकडे गेलं, आणि स्कॉटलंडच्या मिलार्ड ब्रदर्सनी, म्हणजे मिलब्रोने, त्या नावाने बंदुका काढल्या. जर्मन कारखाना पुन्हा उभा राहिला तेव्हा ब्रिटनच्या बाजारात त्याला स्वतःचंच नाव वापरता येईना. तिथे तो ‘ओरिजिनल’ या नावाने विकू लागला. जर्मन डायना, मिलब्रो डायना आणि ओरिजिनल, या तिघी शेजारी ठेवल्या तर युद्धाचा निकाल नुसत्या शिक्क्यांत वाचता येतो. एवढाच संग्रह करून कुणी थांबलं तरी तो पूर्ण आहे.

वेबलीची १९३० च्या दशकातली मार्क २ सर्व्हिस, जिची नळी काढून दुसऱ्या मापाची बसवता येते, ती सुरेख आणि महाग. पहिल्या वर्षात तिच्या मागे लागू नका. स्पर्धेच्या बंदुकांचा, फाइनवेर्कबाऊ ३०० वगैरेंचा, धागा वेगळाच आहे आणि त्याला पदरी बरेच पैसे हवेत.

आपल्या देशी बंदुकांना मात्र नाक मुरडू नका. वालचंद हिराचंदांनी १९२६ मध्ये उभारलेली इंडियन ह्यूम पाइप कंपनी, म्हणजे सिमेंटच्या नळांची कंपनी, तिनेही आयएचपी या शिक्क्याने डायनाच्या धर्तीवर एअर रायफली काढल्या होत्या. नळ करणाऱ्यांची ही बंदूक कित्येक घरांत ‘जुनी काहीतरी’ म्हणून धूळ खाते. जपून ठेवणारे कमी आहेत, म्हणूनच चांगल्या अवस्थेतली दिसली तर घ्या.

बंदूक वाचायला शिका

माझी पहिली बीएसए मी स्वतःच्या हातांनी बिघडवली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली, नळी तपकिरी पडलेली, लाकडी दस्त्यावर हाताच्या घामाने आलेला काळपट तुकतुकीतपणा. मला ती मळकी वाटली. एका वर्कशॉपमध्ये नेऊन मी ती बफवर घासून घेतली, लोखंडावर ब्ल्यूइंगचा नवा काळा थर चढवून घेतला, दस्त्याला पॉलिश मारलं. घरी आणली तेव्हा आरशासारखी चमकत होती. पहिल्यांदाच एका जुन्या संग्राहकाला दाखवली. त्यांनी सिलिंडरवरच्या अक्षरांवरून अंगठ्याचं नख फिरवलं, आणि काही न बोलता बंदूक मला परत दिली. मग मीही नख फिरवलं. अक्षरांच्या कडा गेल्या होत्या. तीन रायफलींच्या चिन्हातल्या नळ्या साबणावरच्या ठशासारख्या बोथट झाल्या होत्या. शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिराची खूण मी पैसे देऊन पुसून घेतली होती, आणि ती परत येणार नव्हती.

तेव्हापासून कुठलीही बंदूक हातात घेतली की पहिल्यांदा नख. मूळ कोरणीच्या कडा बोटाला लागतात. घासलेल्या बंदुकीवर अक्षरं गुळगुळीत होतात, आणि स्क्रूच्या भोवती धातू बशीसारखा किंचित खोलगट दिसतो, कारण बफ तिथे जास्त खातं. बॅटरी तिरकी धरा म्हणजे लगेच दिसेल. चमक बघून किंमत वाढवणारा आणि तपकिरी रंग बघून पाडून मागणारा, दोघेही चुकतात. तुम्ही उलट करा.

मग स्क्रू बघा. खाचा सरळ आणि स्वच्छ असतील तर बंदूक फारशी उघडली गेलेली नाही. खाचा फाटलेल्या, चुरडलेल्या असतील तर कुणीतरी घरच्या स्क्रूड्रायव्हरने आत हात घातलाय, आणि आत काय केलं असेल ते कळायला मार्ग नाही. क्रमांक एकाहून जास्त ठिकाणी असेल तर जुळतो का पाहा.

दस्ता गळ्यापाशी, म्हणजे हाताची मूठ बसते त्या बारीक भागात, आणि पुढच्या स्क्रूंच्या भोकांपाशी तडकतो. बारीक तडा तेलाने आणि मळाने झाकला जातो, म्हणून दस्ता हलकासा पिळून बघा, तडा असेल तर उघडमिट करतो. इथे आणखी एक गंमत दिसते: मूळ अक्रोडाचा किंवा बीचचा दस्ता मोडल्यावर गावच्या सुताराने फणसाचा नाहीतर शिसवीचा करून दिलेला. काम कित्येकदा देखणं असतं. तशी बंदूक घ्यायला माझी हरकत नाही, पण मूळची म्हणून किंमत देऊ नका. छोटी गोल भोकं आणि पीठ दिसलं तर भुंगा आहे. ती बंदूक घरातल्या बाकीच्या लाकडाजवळ ठेवू नका.

नळी मोडून, मागच्या बाजूने उजेडाकडे बघा. आतली वर्तुळं एकात एक नीट बसलेली दिसली तर नळी सरळ. एका बाजूला सावली कललेली असेल तर नळी वाकलेली आहे. हे बहुधा एकाच चुकीने होतं: नळी मोडलेली असताना कुणीतरी चाप ओढला आणि नळी फटकन वर आदळली. त्यात बोटंही जातात. म्हणून ताणताना आणि छर्रा घालताना नळी किंवा दांडा दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवायचा, आणि तेवढा वेळ चापाकडे बोट न्यायचं नाही. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

दुसरी सवय: छर्रा नसताना चाप ओढायचा नाही. छर्‍यामागे दबलेली हवा ही पिस्टनची उशी असते. ती नसली की पिस्टन सिलिंडरच्या टोकावर लोखंडाला लोखंड आदळतो. चामड्याचा वॉशर आणि स्प्रिंग दोन्ही मार खातात.

कागदाची पट्टी शेवटी. मालकाची परवानगी असेल, समोर सुरक्षित लक्ष्य असेल आणि बंदुकीत छर्रा असेल, तर नळी आणि सिलिंडरच्या सांध्यावर पट्टी सैल ठेवून एक बार काढा. पट्टी फडफडली तर सांध्यातून हवा गळते. बीएसएमध्ये हीच पट्टी तोटीवर धरा. मोडायच्या बंदुकीत सांध्याचा वॉशर बदलणं स्वस्त आणि सोपं आहे, त्यासाठी बंदूक सोडू नका, किंमत तेवढी कमी करून घ्या. झिजलेली तोटी मात्र महागात पडते. ती जागेवर नव्याने बसवणारा कारागीर मिळणं कठीण.

लिलावात उतरताना

लिलाव हा आपला शब्दच पोर्तुगीज लेलांवमधून आला, तेव्हा गोव्याच्या माणसाला लिलावाची भीती वाटायचं कारण नाही. आपण तर जत्रेच्या पावणीत लहानपणापासून बोली ऐकत आलो आहोत. देवाला आलेला फणस, केळ्यांचा घड, नारळ, आणि बोली चढत चढत बाजारभावाच्या कितीतरी पुढे जाते. तिथे ते योग्यच आहे. पैसे देवाचे, वस्तू प्रसाद, जास्त दिलेत तर समाधानही जास्त. पण हाच हात लिलावाच्या हॉलमध्ये तसाच वर गेला तर घात होतो, हे मी माझ्यासारख्या पावणीत वाढलेल्या अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. तिथे प्रसाद नाही. तिथे हिशेब आहे.

तो हिशेब घरी बसून करायचा. हातोडा पडतो ती रक्कम तुमची शेवटची रक्कम नसते. तिच्यावर बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलाववाले खरेदीदाराकडून घेतात ती टक्केवारी, असतो, त्यावर कर, शिवाय वस्तूवरचा कर आणि नेण्याचा खर्च. समजा हातोडा १८,००० वर पडला, प्रीमियम १५ टक्के आणि प्रीमियमवर जीएसटी १८ टक्के. प्रीमियम झाला २,७००, त्यावर कर ४८६, एकूण २१,१८६, आणि वस्तूवरचा कर अजून बाकी. टक्के दर ठिकाणी वेगळे असतात, म्हणून अटींचं पान आधी वाचा. आपल्याला एकूण किती झेपतं ते ठरवा, त्यातून उलटा हिशेब करून हातोड्याची रक्कम काढा, आणि ती कागदावर लिहून खिशात ठेवा. आकडा आडनिडा ठेवा. सगळे गोल आकड्यांवर थांबतात, तुम्ही एक पायरी पुढचा ठेवलात तर कधीकधी तेवढ्याने काम होतं.

यादीतल्या वर्णनावर विसंबू नका. मडगावजवळ एका मोठ्या घरातल्या सामानाचा लिलाव होता. चिनी मातीच्या बरण्या, मेणबत्त्यांचे स्टँड, एक मोडका पियानो, आणि त्यात एक ओळ: ‘जर्मन एअर गन, ४.५, चालू स्थितीत’. फोटोत डायनाचं चिन्ह स्पष्ट दिसत होतं. पाहणीच्या दिवशी गेलो. नळीवर ‘मेड इन ग्रेट ब्रिटन’, म्हणजे मिलब्रो. इथवर बिघडलं नव्हतं, उलट मला आनंदच झाला. मग खिशातलं बिट काढलं, नळीच्या तोंडाशी धरलं, आणि ते सरळ आत गेलं. ५.५. यादीतले दोन्ही शब्द चुकलेले, आणि त्यातला एक कायद्याच्या पलीकडचा. मी लिलाववाल्यांना शांतपणे दाखवलं. त्यांना हे ठाऊक नव्हतं. घरच्यांनी सांगितलं तसं त्यांनी छापलं होतं. त्यांनी ती बंदूक यादीतून काढली. फोटो बघून फोनवर बोली लावली असती, तर परवान्याची बंदूक विनापरवाना माझ्या नावावर झाली असती, आणि अटींत ‘वस्तू जशी आहे तशी’ असं लिहिलेलंच होतं.

म्हणून पाहणीचा दिवस चुकवू नका. जाता येणारच नसेल तर लेखी विचारा: माप किती, क्रमांक काय, दस्त्याला तडा आहे का, स्क्रूंचे जवळून फोटो मिळतील का. उत्तर लेखीच घ्या. ‘स्थिती उत्तम’ असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा. उत्तम हे उत्तर नाही.

बोली सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन बोलींत पडू नका, खोलीत कुणाला खरोखर हवी आहे ते दिसू द्या. दोघेच उरले की मग हात वर करा, ठामपणे, आणि खिशातला आकडा आला की हात खाली. प्रत्यक्ष बसवत नसेल तर कमाल रकमेची लेखी बोली देऊन घरी जा. गर्दीत वाहून जायचा स्वभाव असलेल्यांनी हेच करावं. वस्तू राखीव किमतीला पोहोचली नाही म्हणून विकली गेली नाही, असंही होतं. लिलाव संपल्यावर शांतपणे विचारा, कित्येकदा मालक तयार होतो.

त्याच यादीत ठासणीच्या बंदुका, तोड्याच्या बंदुका दिसतील आणि मोह होईल. त्यांचा कायदा वेगळा, जाणकारही वेगळे. एअर रायफलच्या भरवशावर तिकडे जाऊ नका.

परदेशी लिलाव बघायचे, पण शिकण्यासाठी. इंग्लंडमधल्या होल्ट्स आणि बोनहॅम्स, अमेरिकेतल्या रॉक आयलंड यांचे कॅटलॉग आणि जवळून काढलेले फोटो हे फुकटचं विद्यापीठ आहे. एकेक मॉडेल तिथे शंभर कोनांतून पाहता येतं. मागवायचा विचार मात्र सोडा: भारतात शस्त्रांच्या आयातीवर निर्बंध आहेत, आणि एअर रायफल ही कस्टमच्या दृष्टीने शस्त्रातच मोडते. तिथल्या पौंडांना रुपयांत गुणून इथल्या मालकाला भाव सांगणं हेही बरोबर नाही, दोन्ही बाजार वेगळे आहेत. उलट दिशेनेही सांभाळा. १०० वर्षांवरची बंदूक लंडनच्या भावाला भेट म्हणून पाठवायची असेल, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याकडे आधी बघा. तेवढ्या जुन्या वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत.

घरी आणल्यावर, आणि जूनच्या आधी

पहिल्या दिवशी काहीही करू नका. फोटो काढा: दोन्ही बाजू, सगळे शिक्के, स्क्रू. मग सुती फडक्यावर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब घेऊन लोखंड हलकं पुसा. लाल गंज असेल तर तेल लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी तांब्याच्या नाण्याच्या कडेने, जोर न लावता, सोडवा. सॅंडपेपर, ब्रासो, लिंबू, चिंच यांतलं काहीही नाही. आपल्याकडे सगळ्यावर खोबरेल चोळायची सवय आहे. बंदुकीवर नको, ते काही महिन्यांनी चिकट होऊन धूळ धरतं. लाकडाला जवसाचं तेल, अगदी बोटाच्या टोकाएवढं, आणि चोळून कोरडं करा.

चामड्याचा वॉशर वर्षानुवर्षं पडून सुकलेला असतो. त्याला चामड्यासाठीचं नीट्सफूट तेल हवं, चार-पाच थेंब हवेच्या भोकातून घालून बंदूक एक रात्र उभी ठेवा. जास्त घातलं तर पिस्टनच्या दाबाने तेल पेट घेतं, मोठा आवाज आणि धूर येतो, आणि स्प्रिंग मोडू शकते. पहिल्या काही बारांत थोडा धूर दिसला तर घाबरू नका, पण चालूच राहिला तर थांबा.

गोव्यातला खरा शत्रू पाऊस आणि खारा वारा. कॅनव्हासच्या किंवा फोमच्या पिशवीत बंदूक ठेवून कपाट बंद केलंत, तर सप्टेंबरात ती पिशवीच्या विणीचा ठसा अंगावर घेऊन बाहेर येईल, गंजाच्या रंगात. पिशवी फक्त प्रवासाला. घरात लाकडी घोडीवर, भिंतीपासून दूर, कुलपाच्या कपाटात, सिलिका जेलच्या पाकिटांसह ठेवा, आणि पाकिटं दर पंधरवड्याला तव्यावर कोरडी करून घ्या. लोखंडावर मेणाचा पातळ हात मेअखेरीला द्या. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पुसा. हाताचे ठसे दुसऱ्या दिवशी गंज होतात, म्हणून पाहुण्यांनी हाताळल्यावर लगेच. स्प्रिंग ताणून कधीही ठेवू नका. आणि कुलपाची किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी.

वही

प्रत्येक बंदुकीला वहीत एक पान. कंपनी, मॉडेल, क्रमांक, माप, सिलिंडरवरची तारीख, कुणाकडून, किती रुपयांना, कागद कुठे ठेवलाय. कोणता भाग बदलला, मूळ भाग कुठल्या डबीत. मूळ भाग टाकायचा नाही, फाटका वॉशरसुद्धा.

आणि घरच्यांनी जे सांगितलं ते, त्यांच्याच शब्दांत. माझ्या वहीतलं एक पान असं आहे: ‘डायना मॉडेल २७, ४.५, जर्मन. प्रियोळ, माळ्यावरून. दस्त्यावर उजव्या बाजूला चाकूने कोरलेल्या सात रेघा. घरच्या आजी म्हणाल्या, माझ्या दिराने कोरल्या रे, एका मे महिन्यात सात नारळ पाडले होते, खरं की खोटं देव जाणे. रेघा घासू नकोस म्हणाल्या.’ त्या पानाच्या खाली त्यांची सही आहे, देवनागरीत, थरथरत्या हाताची, आणि तारीख.